सोडलेल्या जागा

माझ्या भावाचा हात कापायला लागलाय हे घरात सगळ्यात आधी मला कळलं, आणि तेही एका स्क्रूमुळे. चष्म्याच्या दांडीला जो स्क्रू असतो तो तिळापेक्षा मोठा नसतो. दादा डाव्या हातातल्या चिमट्याने तो भोकावर धरायचा, उजव्या हाताने स्क्रू ड्रायव्हर फिरवायचा, आणि गिऱ्हाईक रुमालाने तोंड पुसेपर्यंत चष्मा परत नाकावर. त्या दिवशी स्क्रू पडला. दुसरा घेतला, तोही पडला. मग तो टेबलाखाली रांगत लोहचुंबक फिरवायला लागला आणि मी काउंटरवरून म्हणाले, "म्हातारा झालास रे दादा. आधी स्वतःचे डोळे तपासून घे."

तो हसला. पण वर येऊन बसल्यावर त्याने डावा हात दोन्ही गुडघ्यांमध्ये दाबून धरला, थंडीत धरतात तसा. बाहेर ऊन रखरखत होतं.

दुकान आमच्या वडिलांचं. खाली चष्मे, वर घर. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत दादा आणि वहिनी, मागच्या खोलीत मी. मी लग्न केलं नाही, आणि का केलं नाही असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला मी मुद्दाम सगळ्यात जड फ्रेम दाखवते. वहिनी शाळेत शिकवते, ती सकाळी लवकर निघून जायची. ती गेल्यापासून दुकान उघडेपर्यंतचा वेळ दादाचा. तेवढ्या वेळात तो गिटार वाजवायचा, माझ्या भिंतीला पाठ लावून. मला झोपायचं असायचं, पण माझं ऐकतो कोण!

गिटार म्हणजे पोरं गळ्यात अडकवून उड्या मारतात ती नव्हे. दादा जॅझ वाजवतो. तिघांचा ताफा आहे त्यांचा. दादाची गिटार. डबल बेस नावाचं कपाटाएवढं वाद्य, ते उभं राहून वाजवतो तो लंबू. लंबू हे अर्थातच चेष्टेने, कारण तो इतका बुटका आहे की लांबून बघितलं तर बेस आपला आपणच वाजतोय असं वाटतं. तो फर्निचर पोचवणारा टेम्पो चालवतो. बेस फुकटात नेता यावा म्हणूनच त्याने ही नोकरी धरली, असं त्यांचा तिसरा गडी म्हणतो. तिसरा म्हणजे ड्रमवाला. त्याची बेकरी आहे आणि तो ड्रमवर ब्रश फिरवतो तेव्हा ओट्यावरचं पीठ झाडतोय असंच वाटतं.

दर रविवारी सकाळी हे तिघं एका हॉटेलच्या जेवणघरात वाजवायचे. लोक अंडी खात, पेपर वाचत, आणि कधीकधी चुकून टाळ्याही वाजवत. जॅझ काय असतं हे दादाने मला शंभरदा समजावलंय. आधी गाणं सरळ वाजवायचं, मग ते बाजूला ठेवून ज्याने त्याने आपापल्या वाटेने भटकून यायचं, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून पुन्हा घरी. मधल्या भटकंतीत मी कायम हरवते. गाणं संपलं हे मला टाळ्या वाजल्यावर कळतं. गाढवाला गुळाची चव काय, असं दादा म्हणायचा आणि मी त्याला त्या दिवशी चहा द्यायचे नाही.

हॉटेलात ते वाजवायचे ती सगळी जुनी गाणी, जगभर सगळ्यांना पाठ असलेली. त्यांना ते लोक स्टँडर्ड म्हणतात. आणि त्यांचा एक नियम होता, तो दादानेच घातलेला: दुसऱ्याने जागा सोडली तर तिथे आपण पाय घालायचा नाही. बेकरीवाल्याच्या आधी त्यांच्यात एक वेगळाच ड्रमवाला होता. दादाने जरा श्वास घेतला की हा ढाडधूम. दादा एरवी कुणाला दुखावणारा माणूस नाही. चुकीचा नंबर लिहून देणाऱ्या डॉक्टरलाही तो "एकदा परत बघता का" असंच म्हणतो. पण त्या ड्रमवाल्याला त्याने काढलं. का, असं विचारलं तर दोनच शब्द म्हणाला, "तो भरतो." त्यांच्या धंद्यात याहून वाईट शिवी नसावी.

जागा हा शब्द दादाच्या तोंडी दोन अर्थांनी यायचा. गाण्यातलं एखादं जीव घेणारं वळण, ती जागा. आणि जिथे काहीच वाजत नाही, तीही जागा. मी म्हणायचे, अरे, भरलेलं ताट आणि रिकामं ताट दोन्हींना एकच शब्द? तो म्हणायचा, हो, एकच.

सकाळी भिंतीपलीकडे मात्र स्टँडर्ड नसायची. तिथे दादा स्वतःची गाणी वाजवायचा. ती त्याने लंबूला किंवा बेकरीवाल्याला कधी ऐकवली नव्हती. लोक अंडी खायला आलेत, त्यांच्या डोक्यावर माझं कशाला, असं म्हणायचा. एवढा लाजरा माणूस गिटारच्या नादी लागलाच कसा, हे मला कोडं आहे. कागदावर त्याने फक्त कॉर्डची, म्हणजे एकत्र छेडायच्या सुरांच्या जुळण्यांची, नावं लिहिलेली, बाकी सगळं बोटांत. वर्षानुवर्षं मी ती गाणी ऐकली, दात घासताना, वेणी घालताना. त्यातलं एक मला आवडायचं, म्हणजे नावडायचं नाही. त्याचं नाव 'शेवटची ओळ'. आमच्या दुकानात अक्षरांचा तक्ता आहे ना, त्याची शेवटची ओळ. गाणं हळूहळू वर चढत जायचं आणि टोकाला पोचलं की तिथे सुरांचा एक छोटा गुंता यायचा, पटकन, करंगळीने घेतलेला. गिऱ्हाईक शेवटच्या ओळीशी अडखळतं, डोळे बारीक करतं, आणि मग एकदम सगळी अक्षरं वाचून मोकळं होतं, अगदी तसा. तो गुंता सुटला की गाणं शांतपणे खाली यायचं. ती जागा आली की माझा हात वेणीत थांबायचा. हे मी त्याला कधी सांगितलं नाही, चढून बसला असता.

डॉक्टरकडे मीच त्याला घेऊन गेले. डॉक्टरांनी हात वाकवून, सोडून, चालायला लावून पाहिलं आणि आजाराचं नाव सांगितलं. हा वाढत जाणार, गोळ्यांनी थोडा आवरेल, जाणार नाही. दादाने एकच विचारलं, "करंगळी?" डॉक्टरांना प्रश्न कळला नाही.

परतताना तो म्हणाला, "तुझ्या वहिनीला इतक्यात सांगू नकोस. त्या दोघांनाही नाही."

"का? लपवून थरथर थांबणार आहे का?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची," तो म्हणाला, आणि खरोखरच मूठ खिशात घातली.

पुढच्याच रविवारी त्याने लंबूला आणि बेकरीवाल्याला सांगितलं की आपण अल्बम काढूया. अर्धी स्टँडर्ड, अर्धी माझी. लंबू उडालाच. "तुझी? तुझी गाणी आहेत? मग इतकी वर्षं काय झोपा काढत होतास?" बेकरीवाल्याने दादाला उचलून घेतलं. दोघांना वाटलं, अखेर याची लाज गेली. दादाला फक्त एवढंच हवं होतं की हात आहे तोवर आपली गाणी आपल्या हाताने एकदा नीट वाजून राहावीत.

रेकॉर्डिंगची खोली म्हणजे अंडी ठेवायच्या उलट्या खोक्यांसारख्या भिंती आणि एक मोठी काच. मी चहाचा थर्मास घेऊन काचेच्या अलीकडे रेकॉर्डिस्टशेजारी बसले. आधी स्टँडर्ड झाली. दादाची बोटं मधेच थबकत होती, एखादा सूर निसटत होता, पण गाणी छान वाटली. मलाही वाटली, म्हणजे बघा.

मग 'शेवटची ओळ'. दादाने एकदा दोघांना कॉर्ड दाखवले आणि सुरुवात केली. गाणं वर चढलं, टोकाला आलं, आणि दादाचा हात थांबला. मी काचेतून बघत होते. करंगळी तारेवर नुसती थरथरली. आवाज आला नाही.

लंबूने डोळे मिटले आणि हात बेसवरून काढून घेतला. बेकरीवाल्याने ब्रश हवेतच धरला. दोघंही चिडीचूप, दादाच्या नियमाला जागून. त्या सगळ्या शांततेत माझा दादा एकटा उभा होता आणि त्याच्याकडे कुणीच बघत नव्हतं. मग त्याने पुढची ओळ पकडली आणि गाणं खाली आलं.

रेकॉर्डिस्ट माझ्याकडे वळून म्हणाला, "काय जागा सोडली बाई!" मला त्याच्या डोक्यात थर्मास घालावासा वाटला.

दादाने पुन्हा वाजवायला घेतलं. पुन्हा तेच झालं. पुन्हा. शेवटी एकदा त्याने त्या टोकाला स्वतःहूनच हात उचलला, ठरवून, हाताने दगा द्यायच्या आधीच. तेच अल्बममध्ये आहे. बाहेर आल्यावर लंबूने त्याला मिठी मारली. त्याचं डोकं दादाच्या छातीपर्यंत पोचतं. "हातचं राखून वाजवतोस रे," तो म्हणाला. "दुसरा कोणी असता तर तिथे पन्नास सूर कोंबले असते." दादाने त्याच्या पाठीवर थोपटलं, उजव्या हाताने.

घरी येताना मी तणतणत होते. सांगून टाक त्यांना, लंबू वाजवेल ते सूर बेसवर, नाहीतर ते गाणंच काढून टाक. दादाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुला एक सांगतो. जुन्या गाण्यांत मी एखादा सूर सोडला तर काही बिघडत नाही. ऐकणाऱ्याला तो पाठ असतो, तो मनातल्या मनात भरून घेतो. माझं गाणं कुणी ऐकलंय? त्यात मी सोडलं, तर तिथे काही होतं हे कळणार कुणाला?"

"मला कळतं ना."

"तुला?" तो एकदम थांबला. "तू तर झोपलेली असायचीस."

"तू असं बेसूर वाजवून जग उठवत असताना कोण झोपेल?" मी म्हणाले. तो हसला, पण त्याचे डोळे भरले होते आणि त्याने ते पुसलेही नाहीत.

अल्बम निघाला. आमच्या गल्लीत कुणाला पत्ता नव्हता, पिकतं तिथे विकत नाही, पण एका मोठ्या पेपरात त्यावर लिहून आलं. स्टँडर्ड नेटकी आहेत, पण खरा खजिना म्हणजे या वादकाची स्वतःची गाणी. तो काय वाजवतो यापेक्षा काय वाजवत नाही ते ऐका. 'शेवटची ओळ'मधली ती मोकळी जागा अंगावर काटा आणते. वहिनीने कात्रण दुकानात तक्त्याच्या शेजारीच चिकटवलं. मग काय, नंबर काढायला आलेला प्रत्येक माणूस ते मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि दादा मान खाली घालून काचा बदलायचा, "आता स्पष्ट दिसतंय का?" असं विचारत. मला इतका संताप यायचा. ज्या ठिकाणी माझ्या भावाचं सगळं गेलं नेमकं त्याच ठिकाणी हे लोक वाहवा करत होते. आणि वहिनी! तिला काय बोलायचं? ती बिचारी अभिमानाने फुलून गेलेली. स्वयंपाक करताना, वह्या तपासताना, कपडे वाळत घालताना तिचा अल्बम चालूच.

पुढे मूठ झाकून ठेवण्यासारखी राहिली नाही. आधी वहिनीला सांगावं लागलं. ती रडली, मग मला का नाही सांगितलंस म्हणून माझ्याशी आठवडाभर बोलली नाही, आणि मग पुन्हा रडली. स्क्रू मी बसवायला लागले. हॉटेलातले रविवार बंद झाले, तेव्हा लंबूला आणि बेकरीवाल्यालाही कळलं.

लंबू दुकानात आला तो थेट तपासणीच्या खुर्चीत बसला. पाय जमिनीला टेकत नव्हते. त्याने तक्त्याशेजारच्या कात्रणाकडे बघितलं.

"म्हणजे त्या जागा..." तो म्हणाला.

"हो," दादा म्हणाला.

"अरे मी भरलं असतं रे! मला वाटलं तू मुद्दाम... मी श्वाससुद्धा घेतला नाही तेव्हा. एवढा जवळ उभा होतो आणि तुला एकट्याला..." तो हमसून हमसून रडायला लागला.

"तू भरलं असतंस तर तुला मी काढलं असतं," दादा म्हणाला. दोघंही हसले. नंतर लंबूने नाक पुसत विचारलं, "मग आता सांग. काय होतं तिथे? मी बसवतो बेसवर."

दादाने तोंड उघडलं आणि मिटलं. तो कधीच गुणगुणायचा नाही, आंघोळीतही नाही. "बोटांत होतं रे ते," तो म्हणाला. "तोंडात कधी आलंच नाही." मी आत काचा पुसत होते. मनात म्हटलं, मला येतंय की. आहे माझ्याजवळ, जातंय कुठे. घरात असलेल्या वस्तूची जशी आपण काळजी करत नाही तसं ते माझ्याजवळ होतं.

मध्ये काही वर्षं गेली. दादाचं चालणं आखडलं, बोलणं हळू झालं. एक दिवस दांडी तुटलेला चष्मा घेऊन एक बाई दुकानात आली. मी स्क्रू लावत असताना तिने भिंतीवरचं पिवळं पडलेलं कात्रण वाचलं, आत खुर्चीवर बसलेल्या दादाला पाहिलं, आणि तिचा हात तोंडावरच गेला. ती गिटारवाली होती. तिचाही तिघांचा ताफा होता. "सर, तुमचं गाणं आम्ही प्रत्येक कार्यक्रमात वाजवतो," ती म्हणाली. "रविवारी दुपारी आहे. याल? गाडी पाठवू?" दादा आधी नको म्हणाला. वहिनीने त्याचा इस्त्रीचा सदरा काढून ठेवला तेव्हा विषय संपला.

लहानसा हॉल होता, खुर्च्या सगळ्या भरलेल्या. आम्ही पहिल्या रांगेत बसलो. ती बाई माइकवर म्हणाली, "पुढचं गाणं आमच्या पिढीसाठी स्टँडर्डच झालंय," आणि तिने 'शेवटची ओळ' सुरू केलं. इतकं सुंदर वाजवलं तिने की मला तिचा रागही करता येईना. एकेक सूर अल्बममधल्यासारखा, जिथे दादाचा सूर जरा कच्चा पडला होता तिथे तिनेही तो तसाच कच्चा घेतला. गाणं चढत गेलं, टोकाला आलं. तिने डोळे मिटले, हात उचलला, आणि थांबली. बेस थांबला, ड्रम थांबले. अख्खा हॉल थांबला. कुणीतरी हळूच "वा" म्हणालं. मग गाणं खाली आलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

कार्यक्रम संपल्यावर ती दादाजवळ येऊन गुडघ्यांवर बसली. "सर, त्या जागेसाठी मी हे गाणं शिकले. तिथे थांबलात तेव्हा तुमच्या मनात काय होतं?"

दादा सावकाश म्हणाला, "बोटं चालेनात."

ती खळखळून हसली आणि सोबतच्या दोघांना म्हणाली, "बघा, मोठी माणसं अशी बोलतात."

वहिनी आमची गाडी आणायला गेली. आम्ही दोघं हॉलच्या पायरीवर ऊन खात बसलो. लोक जाताजाता दादाला वाकून नमस्कार करत होते. गर्दी पांगल्यावर तो म्हणाला, "तू ऐकायचीस ना भिंतीपलीकडून?"

"ऐकावंच लागायचं."

"मग मला जरा सांग. तिथे काय होतं?"

मला वाटलं चेष्टा करतोय. पण तो माझ्याकडे बघत होता. "मला तिथे आता काही ऐकू येत नाही गं," तो म्हणाला. "इतक्या वेळा ते तसंच ऐकलं ना. आधी बोटांना तरी ठाऊक होतं. म्हणून दाखव की."

"एवढंच ना?" मी म्हणाले. घसा खाकरला, इकडेतिकडे बघितलं, आणि ओळ सुरुवातीपासून धरली. दादाने कान जवळ आणला. मी चढत चढत टोकाला पोचले. गुंत्यातला पहिला सूर आला. दुसरा आला. आणि माझ्या डोक्यात ती बाई डोळे मिटून थांबली.

मी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच थांबले. स्वयंपाकघरातून, दोरीवरच्या कपड्यांमधून, वहिनीच्या वह्यांवरून ऐकलेली ती सगळी शांतता तिथे येऊन बसली होती आणि तिच्या पलीकडचं मला काही दिसेना.

"पुढे वर जायचं का?" दादाने विचारलं.

"वर. हो, वर."

"की खाली?"

मी वर जाऊन पाहिलं. खाली येऊन पाहिलं. दोन्ही बरी वाटली आणि दोन्ही त्याची नव्हती. मला रडू फुटलं. पायरीवर बसून, भर दुपारी, जाणाऱ्या येणाऱ्यांसमोर. दादा माझ्याकडे सरकून बसला.

वहिनीने गाडी समोर आणून उभी केली आणि काच खाली केली. "काय गं, काय झालं?"

"काही नाही," दादा म्हणाला. "एक गाणं आठवत होतो."

"कुणाचं?"

"माझंच."

"मग त्यात आठवायचं काय एवढं?" वहिनी हसत म्हणाली. "गाडीत आहे की अल्बम." आम्ही मागे बसलो, आणि तिने तो लावला.